‘नंतर या’ म्हणून दार लावू नका

तेरावा आटोपतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात काही वस्तू उरतात. हवेची गादी आणि तिचा पंप, कमोडची खुर्ची, अर्धवट फोडलेलं डायपरचं पाकीट, औषधांची पिशवी. आणखी एक गोष्ट उरते, ती कुणाला दिसत नाही. आठ महिने दर दोन तासांनी उठून रुग्णाची कूस बदलणाऱ्या माणसाला अजूनही रात्री दोनला जाग येते आणि करायला काही नसतं. असं माणूस महिन्या-दीड महिन्यानं ती गादी रिक्षात घालून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, केंद्रावर आणून देतं आणि निघता निघता म्हणतं, ‘‘मलाही इथं काहीतरी करायचंय. पैसे नकोत.’’

यावर केंद्राकडून साधारण दोन उत्तरं मिळतात. माणसं कमी असलेलं केंद्र म्हणतं, ‘‘या की, उद्यापासूनच या.’’ नियम पाळणारं केंद्र म्हणतं, ‘‘वर्षभरानं या.’’ पहिल्या उत्तरानं रुग्णाचं नुकसान होतं, दुसऱ्यानं त्या माणसाचं. आमचं म्हणणं असं की थांबायला लावणं योग्यच आहे, पण थांबायला लावून दार लावून घेणं चूक आहे. हा काळ कामाचा असावा, फक्त ते काम खाटेपाशी नसावं. आणि ही व्यवस्था एखाद्या केंद्राच्या चांगुलपणावर न सोडता सरकारी कार्यक्रमाचा भाग व्हायला हवी.

आधी हे स्वयंसेवक हवेतच कशाला, ते पाहू. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण. पुढं गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे. टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तरीही ही बेटंच. बहुतेक रुग्ण शेवटचे आठवडे घरीच काढतात, आणि घरी महिन्यातून एक-दोनदा नर्स आली तरी मधले दिवस कुणी पाहायचे? केरळनं या प्रश्नाचं उत्तर माणसांतून शोधलं. कोझिकोडला 1993 साली सुरू झालेल्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीच्या कामातून, मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणाऱ्या कुणालाही त्यात घेत. आधी सोळा तासांचं चर्चावर्गाच्या स्वरूपातलं शिक्षण, मग चार दिवस पथकाबरोबर प्रत्यक्ष काम. 2008 साली केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच जाहीर केलं आणि हे काम पंचायतींशी जोडलं गेलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा. तो महाराष्ट्रालाही लागू आहे. पण कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे डॉक्टर, नर्स, औषधं आणि खाटा मोजल्या जातात. रुग्ण दगावला की फाइल बंद होते आणि त्या फाइलबरोबर एक शिकून तयार झालेलं माणूसही हातचं जातं.

शिकून तयार झालेलं, हे शब्द मोजूनमापून वापरले आहेत. ज्या बाईनं सहा महिने सासऱ्यांचं केलं, तिला तोंडाची निगा कशी राखायची ते हातानं येतं. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा, त्यात बुडवून पिळलेलं मऊ कापड बोटाला गुंडाळायचं, गालाच्या आतून आणि जिभेवरून हलक्या हातानं फिरवायचं, दर दोन-चार तासांनी. ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीन लावायचं नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसेल तर चमच्यानं पाणी घालायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. आता इथंच पाहा. घरातली आजी गंगाजलाची वाटी घेऊन उभी असते. प्रशिक्षण घेतलेली परकी स्वयंसेविका तिला ‘‘पाणी घालू नका’’ एवढंच सांगेल आणि घरात खटका उडेल. हे सगळं एकदा पाहिलेली बाई म्हणेल, ‘‘आजी, तुळशीचं पान बुडवा आणि नुसतं ओठांना लावा.’’ विधीही होतो आणि ठसकाही लागत नाही. हे कुठल्या अभ्यासक्रमात घालता आलं तरी ते सांगायचा सूर घालता येत नाही.

पण याच बाईच्या हातून चुकाही होतात, आणि त्या चुका अनुभव नसलेल्या स्वयंसेवकाच्या चुकांहून वेगळ्या असतात. नवखा माणूस चुकतो तो माहिती नसल्यानं. ही चुकते ती एकच गोष्ट फार जवळून माहिती असल्यानं. ‘‘आमच्या ह्यांना पण अगदी असंच झालं होतं’’ हे वाक्य धीर द्यायला म्हणून येतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की ‘ते’ गेले. मग औषधांची तुलना सुरू होते. ‘‘आमच्याकडे दुखण्यावर पॅच लावला होता, तुम्हाला गोळ्याच का?’’ मग स्वतःचा फोन नंबर दिला जातो, रात्री अकराला फोन यायला लागतात, एक दिवस फोन उचलला जात नाही आणि त्या घराला वाटतं, यांनीही सोडलं. कुणी खिशातून पैसे देतं. कुणी स्वतःच्या माणसाच्या वेळी राहून गेलेलं सगळं या रुग्णावर करून पाहतं. आणि काही जण पहिला रुग्ण दगावला की कुणाला काही न सांगता यायचं बंद करतात. त्यांच्या दृष्टीनं ते दुसरं मरण नसतं, पहिलंच परत घडलेलं असतं.

यातला सर्वांत नाजूक भाग मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचा, म्हणून त्यावर थोडं थांबू. तोंडातून द्यायचं साधं मॉर्फिन साधारण चार तास टिकतं, म्हणून ते घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायचं असतं. रात्री झोपमोड नको म्हणून झोपताना बहुतेकदा दुप्पट डोस देतात. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं, कारण बद्धकोष्ठ हटकून होतं आणि ते दिवसांबरोबर कमी होत नाही. सुस्ती आणि मळमळ मात्र बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. हे सगळं नर्स सांगते. पण घरच्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न असतो: हे दिलं म्हणजे आता संपलंच ना? तो प्रश्न ते डॉक्टरांना विचारत नाहीत. स्वयंसेवकाला विचारतात, तोही जिन्यात.

आता कल्पना करा, उत्तर देणाऱ्यानं सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं आईला पहाटे चारची गोळी दिली होती आणि आई साडेपाचला गेली. हा माणूस उघड काही बोलत नाही. ‘‘औषध चांगलंच आहे’’ असंच म्हणतो. पण त्याच्या त्या ‘च’वरच्या जोरानं किंवा त्याआधीच्या क्षणभराच्या थबकण्यानं समोरच्या घराला हवा तो अर्थ पोचतो. दुसऱ्या दिवशी रुग्ण वेदनेनं तळमळत असतो आणि गोळ्या डबीत तशाच असतात. अशा वेळी त्या घराला ओरडून उपयोग नाही. आधी या स्वयंसेवकाशी बोलायला हवं होतं, आणि बोलायचं ते साध्या हिशेबाच्या भाषेत. डोस दर चार तासांनी असेल तर मृत्यू कोणत्याही क्षणी आला तरी शेवटचा डोस त्याआधीच्या चार तासांतलाच असणार. दुसरं काही होऊच शकत नाही. शेवटची गोळी कुणाच्या ना कुणाच्या हातून जाणारच होती. हा हिशेब पुष्कळ नातेवाइकांना त्यांच्या माणसाच्या मृत्यूनंतर कधीच कुणी समजावून सांगितलेला नसतो. सलाइनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते, सलाइननं छातीत पाणी साठून घरघर वाढू शकते, म्हणून ते लावलं नव्हतं, हे ज्याला कळलेलं नाही तो वर्षानुवर्षं ‘आपणच उपाशी मारलं’ असं धरून बसतो. असा माणूस पुढच्या घरात जाऊन सलाइनसाठी हट्ट धरणार, यात नवल काय?

म्हणूनच पहिल्या मुलाखतीत आवड आणि वेळ विचारण्याआधी हे विचारावं लागतं. मुलाखत दोघांनी घ्यावी, निदान पाऊण तास, आणि ज्या नर्सनं त्यांच्या माणसाचं केलं ती त्या दोघांत नसावी. कारण उपकाराची भावना. ‘‘तुम्ही एवढं केलंत, आता आम्ही नाही कसं म्हणणार’’ या ओझ्याखाली आलेला स्वयंसेवक नको म्हणू शकत नाही आणि जो नको म्हणू शकत नाही त्याला काम देऊ नये. देणगीची पावती आणि स्वयंसेवेचा अर्ज एकाच टेबलावर नसावेत तेही त्याचसाठी.

विचारायचं ते साधंच. शेवटच्या दिवसाबद्दल सांगाल का? आणि मग ऐकायचं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं तर काही बिघडत नाही. पाहायचं ते हे की गोष्ट पुढे सरकते का. काही जण एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात: मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नसतो तर. काहींचा सगळा राग एका डॉक्टरवर किंवा एका जावेवर ठरलेला असतो, नाव घेताच आवाज बदलतो. झोप लागते का, जेवण जातं का, घरात कुणाची याला हरकत आहे का, या वर्षात आणखी काही गमावलं आहे का? आणि एक प्रश्न नक्की: इथं येऊन तुम्हाला काय मिळेल असं वाटतं? ‘‘बरं वाटेल’’ हे उत्तर अपात्र ठरवणारं नाही, सगळ्यांनाच ते हवं असतं. ‘‘इथं आलं की ते अजून आहेत असं वाटतं’’ हे उत्तर मात्र सांगतं की या माणसाला आत्ता आपली सोबत हवी आहे. काम नंतर.

आता वर्षाचा नियम. ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिसांत दुःख ताजं असलेल्या नातेवाइकांना काही महिने ते वर्षभर थांबायला सांगतात आणि आपल्याकडच्या काही केंद्रांनीही तो धागा उचलला. त्यामागं तथ्य आहे, पण आकडा पवित्र नाही. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आजार म्हणायचं तर अमेरिकी मानसोपचाराच्या वर्गीकरणात 2022 पासून प्रौढांसाठी बारा महिन्यांची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांची. तज्ज्ञांचंच एकमत नाही. शिवाय शोक ठरावीक पायऱ्या चढत जात नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी 1999 साली मांडलेली कल्पना प्रत्यक्षात जास्त दिसते: माणूस झोके घेतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामाकडे, आणि दोन्हीकडे जाता येणं हेच बरं असल्याचं लक्षण. वर्षभर घरी बसवलं तर झोका एकाच बाजूला अडकतो. उद्यापासून खाटेपाशी उभं केलं तर दुसऱ्या बाजूला.

आपल्याकडे या वर्षाला आधीपासूनच एक आकार आहे, तो वापरायला काय हरकत आहे? दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, ‘‘यंदा आमच्याकडे सण नाही’’, पहिल्या दिवाळीला नातेवाइकांनी आणलेला फराळ, पितृपक्ष, वर्षश्राद्ध. मुसलमान घरात चाळिसावा, ख्रिस्ती घरात महिन्याची प्रार्थना. ज्याला कर्मकांडात रस नाही त्यालाही हे दिवस टोचतातच. म्हणून समन्वयकाच्या वहीत प्रत्येक स्वयंसेवकापुढं गेलेल्या माणसाचा दिवस लिहिलेला असावा, आणि तो दोनदा लिहावा: तारीख आणि तिथी. दोन्ही एकाच दिवशी येतील असं नाही. घरात श्राद्ध तिथीला होतं, पण मनात तारीखच रुतलेली असते, आणि नेमका तारखेच्या दिवशी त्याला अत्यवस्थ रुग्णाकडे पाठवलं जातं. त्या दोन्ही दिवसांच्या आगेमागे आठवडाभर सुट्टी, न मागता. पितृपक्षात ज्यांना घरी थांबायचंय त्यांनाही.

पहिले तीन महिने काहीही मागू नये. केंद्राकडूनच फोन जावा, एकदा तीन-चार आठवड्यांनी आणि जमल्यास एकदा घरी भेट. काम विचारायला आलेल्या माणसाला तेव्हा एवढंच सांगावं: तुमचं नाव लिहून घेतलंय, अमुक महिन्यात आम्हीच फोन करू. आणि करावा. ‘नंतर या’ आणि ‘आम्ही फोन करू’ यांत फरक आहे, पण तो फोन केला तरच.

त्यानंतरच्या महिन्यांत मागची कामं, आणि मागची कामं म्हणजे दुय्यम कामं नव्हेत. हवेची गादीच पाहा, पडून राहिलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती. केंद्राकडं अशा गाद्या दान म्हणून येतात आणि पुष्कळदा नीट चालत नाहीत, कारण परत आल्यावर कुणी तपासत नाही. पंप चालू करून फुगायला पुरेसा वेळ द्यायचा, एकाआड एक नळ्या खरोखर आलटून पालटून फुगतात का पाहायचं, जोडनळी कुठं दुमडली आहे का पाहायचं. मग कुणाला तरी तिच्यावर झोपवून, तळवा वर करून हात गादीखाली कमरेच्या हाडापाशी घालायचा. हाडाच्या आणि हाताच्या मध्ये निदान इंचभर हवा असली पाहिजे. नसेल तर वजनाचं बटण फिरवायचं, तरीही नसेल तर ती गादी बाद. आणि ज्या घरी ती जाईल तिथं सांगायचं की तिच्यावर मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर असं थर लावलंत तर गादी असून नसल्यासारखी. एक पातळ चादर, बस्स. वीज गेली तर कूस बदलायचं घड्याळ पुन्हा हाती घ्यायचं. हे सगळं ज्यानं घरी केलंय त्याच्याइतकं चांगलं कोण सांगेल? आणि हे सांगताना त्याला कुणाच्या खाटेपाशी बसावं लागत नाही. गादी घेऊन गेलेल्या घराचा फोन येतो, ‘‘काका, हिचा आवाज येतोय,’’ आणि काका तो आवाज ओळखतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर परत आला की बाहेरची जाळी धुऊन वाळवायची, किती तास चालला ते मीटरवरून लिहायचं. नाकातली नळी आणि पाण्याची बाटली पुढच्या रुग्णाला नेहमी नवी. डायपरचं फोडलेलं पाकीट कोरडं असेल तर चालतं. फोडलेली प्रोटीन पावडर नाही. औषधं मात्र स्वयंसेवकानं घ्यायचीच नाहीत. विशेषतः मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या घरच्यांनी थेट जिथून आणल्या तिथं द्याव्यात, नर्सनं दुसऱ्या कुणासमोर मोजाव्यात, नोंद व्हावी. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन इतकं दुर्मिळ केलं होतं की डॉक्टरच भ्यायचे. 2014 च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली आहे. एका केंद्रातल्या निष्काळजी नोंदीनं ती पुन्हा अडायला नको. दान आलेल्या पिशवीत अशा गोळ्यांची पट्टी सापडली तर ‘उपयोगी पडेल’ म्हणून बाजूला ठेवणारा प्रेमळ स्वयंसेवक हा सर्वांत मोठा धोका.

ड्रेसिंगचे पॅड करणं हे तसंच दुसरं काम. गॉजचे चौकोन कापून कडा आत दुमडायच्या, म्हणजे सुटे धागे जखमेत राहत नाहीत. मधे कापसाचा पातळ थर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या उघड्या जखमांना रोज कितीतरी पॅड लागतात, आणि ते दुकानातून घ्यायचे म्हटलं तर गरीब घर दिवसाआड ड्रेसिंग करायला लागतं. चार जणी बसून तासाभरात पुष्कळ करतात. बोलणंही होतं. त्या बोलण्याला कुणी ‘शोकगट’ असं नाव देऊ नये, नाव दिलं की दोघी यायच्या बंद होतात.

आणि कागद. हे काम सहा महिन्यांनंतरच्या माणसाचं, पण फार मोलाचं. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना 4 ‘अ’ मध्ये लागतो, तो देणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेला नसेल तर रात्री दोनला धावाधाव. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत. मग मृत्यू दाखल्याच्या प्रती काढताना दोन-तीन नव्हे, भरपूर काढायच्या. बँक, विमा, गॅस, रेशन कार्डावरचं नाव कमी करणं, तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद, विधवेसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. ज्यानं या खिडक्यांसमोर उभं राहून पाहिलंय त्याला कोणत्या टेबलावर कोणता कागद मागतात ते पाठ असतं. एका नव्या विधवेबरोबर तहसील कार्यालयात जाऊन बसणं हीसुद्धा पॅलिएटिव्ह केअरच आहे. ती फक्त मृत्यूनंतर होते आणि कार्यक्रमाच्या कुठल्याच तक्त्यात मोजली जात नाही.

खाटेपाशी जायची वेळ वर्षाच्या आसपास येते, कुणाची आधी, कुणाची कधीच नाही. तेव्हाही पहिले सहा महिने एक अट पाळावी: तोच आजार, तेच नातं, तेच वय नको. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्या बापाच्या मुलीला तोंडाच्या जखमेपाशी आधी पाठवू नये. तिथं नजरेआधी वास पोचतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकून तो वास बराच आटोक्यात आणता येतो, तरी ज्याच्या घरात तो वास महिनोन्महिने होता त्याला उरलेला अंशही पुरतो. खानदेश-विदर्भापासून कोकणापर्यंत तंबाखूनं जेवढे घसे आणि गाल खाल्लेत ते पाहता ही अट पाळणं सोपं नाही, हे मान्य. निदान पहिल्या चार भेटी तरी.

स्वतःच्या दुःखाबद्दल रुग्णाच्या घरात बोलायचंच नाही असा कडक नियम काही ठिकाणी असतो. तो आम्हाला पटत नाही. तालुक्याच्या गावात सगळ्यांना सगळं माहिती असतं, तिथं लपवणं म्हणजे खोटेपणा. विचारलं तर एक वाक्य बोलावं आणि चेंडू परत द्यावा: ‘‘हो, माझे वडील याच पथकाकडे होते. तुम्हाला काय विचारायचं होतं?’’ दुसरं वाक्य सुरू झालं की ती भेट आपली झाली, त्यांची राहिली नाही. छोट्या गावातला खरा नियम उलट दिशेचा आहे: त्या घरात ऐकलेलं चावडीवर नाही, देवळात नाही, स्वतःच्या घरातही नाही.

‘मग बाहेरचे, दुःख नसलेले स्वयंसेवकच का घेऊ नयेत’ हा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. चाळिशी ओलांडलेला असा माणूस कुठं मिळतो ते आम्हाला कुणी दाखवावं. कॉलेजच्या मुलांचंही आजी-आजोबांपैकी कुणी गेलेलं असतं. फरक इतकाच की त्यांचं दुःख अर्जात लिहिलेलं नसतं, म्हणून त्याची काळजी कुणी घेत नाही. नातेवाइकांचं निदान माहिती असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फुकट माणसं मिळाली की सरकार नर्स भरणार नाही. हे होऊ शकतं, होतंही. म्हणून स्वयंसेवकानं काय करायचं नाही याची यादी भिंतीवर हवी. कॅथेटर नाही, नाकातल्या नळीतून अन्न नाही, औषधाच्या मात्रेबद्दल शब्द नाही, एकट्यानं रुग्णाला उचलणं नाही. आणि जिथं पगारी समन्वयक नाही तिथं हे दार उघडूच नये. पंधरा-वीस स्वयंसेवकांमागं एक समन्वयक, महिन्यातून एक बैठक जिथं रुग्णांबद्दलच नाही तर स्वयंसेवकांबद्दलही बोललं जाईल, प्रत्येक मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी एक फोन. जिल्हा रुग्णालयाच्या कार्यक्रमात या एका पदासाठी तरतूद करा, एवढीच आमची मागणी आहे. त्यात रिक्षाभाडं धरा. ‘निःस्वार्थ सेवा’ म्हणून ते टाळलं की स्वयंसेवक म्हणून फक्त निवृत्त, पेन्शनवाले, शहरी लोक उरतात. ज्या बाईनं नवऱ्याच्या आजारात मजुरी बुडवली आणि ज्या बाईला झोपडीत रुग्ण कसा सांभाळायचा ते सर्वांत जास्त कळतं, ती तीस रुपयांच्या भाड्यासाठी गळते.

जाण्याची वाटही आधीच सांगून ठेवावी लागते. काही जण दोन वर्षांनी कंटाळतात, काहींचं घर पुन्हा उभं राहतं, मुलीचं लग्न ठरतं, आणि त्यांना वाटतं की आता सोडलं तर गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सोडल्यासारखं होईल. म्हणून पहिल्याच दिवशी अर्जात मुदत असावी, एक वर्षाची, आणि वर्ष संपताना समन्वयकानंच विचारावं, पुढं चालू ठेवायचं की थांबायचं. थांबणाऱ्यानं कारण द्यायची गरज नाही. ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत करावी, ज्या रुग्णांकडे जात होता त्यांना स्वतः जाऊन सांगावं, ‘‘पुढच्या आठवड्यापासून या ताई येतील,’’ आणि त्या ताईंना तेवढ्या एका भेटीपुरतं सोबत न्यावं. कुठली गादी कुठल्या घरी आहे ती वही तिच्या हाती द्यावी.